फ्रॅकचं पाणी किती परत आलं? मोजणीच्या पॅकेजची झाडाझडती

फ्रॅक झालेल्या, म्हणजे भारी दाबानं पाणी आणि वाळू ढकलून खडकाला भेगा पाडलेल्या तेल-वायूच्या विहिरीतून परत येणारं पाणी (फ्लोबॅक) मोजून देणारी सेवा बाजारात दोन तुकड्यांत मिळते. पहिला तुकडा जमिनीवरचा: वाळू अडवणारा सँड ट्रॅप, प्रवाह आवरणारा चोक मॅनिफोल्ड, हीटर, पाणी-तेल-वायू वेगळं करणारा टेस्ट सेपरेटर, मीटर, टाक्या आणि चोवीस तास नोंदी ठेवणारा क्रू. दुसरा तुकडा रासायनिक ट्रेसरचा: पंप करताना प्रत्येक स्टेजच्या (विहिरीचा एका वेळी फ्रॅक केलेला भाग) पाण्यात वेगळं रसायन मिसळायचं, वर आलेल्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत धाडायचे आणि कुठल्या स्टेजचं किती पाणी आलं ते काढायचं. विक्रेते दोन्ही एकत्र बांधून देतात आणि एकत्र घेतलं तर थोडी सूटही देतात.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. पहिला तुकडा नीट निवडून घेतला तर पैसे वसूल होतात. दुसरा सगळ्याच विहिरींना लागत नाही, आणि जिथे लागतो तिथेही तो पहिल्याच्या खांद्यावर उभा असतो. जमिनीवरचं माप ढिसाळ असेल तर ट्रेसरचा अहवाल कितीही रंगीत छापा, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

कंपन्यांच्या नावांत आम्ही शिरत नाही. यार्डावरच्या पाट्या बदलतात, आत येणारं सामान बहुतेक तेच असतं. म्हणून इथे सामानाबद्दल आणि कामाच्या पद्धतीबद्दल बोलू.

आधी छेद तपासा

परत आलेल्या पाण्याची टक्केवारी हा साधा भागाकार आहे: वर आलेलं पाणी भागिले आत ढकललेलं पाणी, म्हणजे ‘लोड’. सगळ्यांचं लक्ष अंशावर असतं, कारण तो रोज बदलतो. छेद एकदाच लिहिला जातो, आणि चुकतो तोच.

२० स्टेजची आडवी विहीर घ्या. प्रत्येक स्टेजला १,००० घनमीटर स्वच्छ पाणी आणि १०० टन वाळू. पंपिंगच्या अहवालात बहुतेक वेळा दोन आकडे असतात, ‘क्लीन व्हॉल्यूम’ आणि ‘स्लरी व्हॉल्यूम’. स्लरीच्या आकड्यात वाळूनं व्यापलेली जागाही धरलेली असते. वाळूची घनता २.६५ धरली तर १०० टन वाळू सुमारे ३८ घनमीटर जागा घेते, म्हणजे २,००० टनांना साधारण ७५५ घनमीटर. ही वाळू खालीच राहायची आहे. ती लोडमध्ये धरली तर छेद फुगतो आणि टक्केवारी विनाकारण खाली जाते.

उलट बाजूची चूक पंप-डाऊनची. दोन स्टेज वेगळ्या ठेवणारे प्लग आणि विहिरीच्या पाइपला छिद्रं पाडणाऱ्या पर्फोरेटिंग गन आडव्या भागात पाण्याच्या जोरावर पुढे ढकलतात. ते पाणी आधीच्या स्टेजच्या छिद्रांतून खडकातच जातं, पण ते वायरलाइनच्या, म्हणजे तारेवर अवजारं सोडण्याच्या, कामात मोजलं जात असल्यानं फ्रॅकच्या बेरजेत दिसत नाही. दर प्लगला ४० घनमीटर धरले तरी १९ प्लगांचे ७६० घनमीटर झाले. हाच प्रकार कॉइल्ड ट्युबिंगनं (रिळावर गुंडाळलेली लांब नळी) प्लग फोडताना होतो. फिरवलेलं पाणी सगळं परत येतंच असं नाही. जे खाली मुरलं ते लोडमध्ये मिळवायला हवं आणि जे जास्त आलं ते वर आलेल्या पाण्यात धरायला हवं. फ्लोबॅकचा क्रू बहुतेक वेळा प्लग फोडून झाल्यावर हजर होतो आणि त्या दिवसापासून शून्य धरून मोजायला लागतो. म्हणजे पहिले शेकडो घनमीटर कुणाच्याच वहीत नसतात.

वर ३,००० घनमीटर आलं असं धरा. छेद २०,००० धरला तर १५ टक्के. पंप-डाऊन मिळवून २०,७६० धरला तर १४.५. वाळू आणि पंप-डाऊन दोन्ही मिळवले तर १३.९. फरक किरकोळ वाटतो. पण शेजारशेजारच्या दोन विहिरींत १४ विरुद्ध १५ टक्के आले म्हणून केमिकलचा ब्रँड बदलण्याच्या बैठका होतात, तेव्हा तो किरकोळ राहत नाही.

सेवा देणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: लोडचा हिशेब तुम्ही कुठून घेणार, आणि त्यात काय काय धरणार? ‘फ्रॅक कंपनी देईल तो आकडा’ असं उत्तर आलं तर पुढच्या प्रश्नांत जास्त वेळ घालवू नका.

जमिनीवरचं सामान

सँड ट्रॅप आणि चोक मॅनिफोल्डवर फार लिहिण्यासारखं नाही. दाबाचं रेटिंग विहिरीला पुरणारं असावं, ट्रॅप दोन असावेत म्हणजे एक साफ करताना दुसऱ्यातून प्रवाह चालू ठेवता येतो, आणि चोकच्या बीन (प्रवाह आवळणारी भोकं असलेले तुकडे) तपासून बदलाव्यात. चोक इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. ८ किंवा १० पासून सुरुवात करून हळूहळू उघडतात. वाळूनं बीन खाल्ली की वहीत १४ लिहिलेलं असतं आणि विहीर १८ वर वाहत असते. त्यामुळे पाण्याचं माप चुकत नाही, मात्र दाब आणि प्रवाह यांची जोडी लावून कुणी पुढे विश्लेषण करणार असेल तर त्याची दिशाभूल होते.

खरा प्रश्न पाणी कशानं मोजायचं हा आहे.

टाकी आणि डिप टेप, म्हणजे टाकीत टेप सोडून पाण्याची पातळी मोजणं (अशा एका मोजणीला डिप म्हणतात), ही सर्वांत जुनी पद्धत. तिला हसू नका. ५०० बॅरलची आयताकृती फ्रॅक टाकी म्हणजे ७९.५ घनमीटर, आणि तिच्या एका इंचाला साधारण साडेचार बॅरल, म्हणजे ०.७ घनमीटर पाणी बसतं. डिप अर्धा इंच चुकला तर ०.३५ घनमीटरची चूक. तासाला १० घनमीटर येत असतील तर त्या तासाचा दर साडेतीन टक्क्यांनी हलतो. पण या चुका एकावर एक साठत नाहीत. टाकी भरताना मधले दहा डिप चुकले तरी एकूण बेरीज पहिल्या आणि शेवटच्या डिपवरच ठरते. म्हणून टाकीचा तासाचा दर डळमळीत असतो, पण दिवसाची बेरीज चांगली येते. मीटरवाले विक्रेते ही गोष्ट सांगत नाहीत.

टाकी फसवते ती दुसऱ्याच जागी. जमीन एक टक्का उतरती असेल तर साडेअकरा मीटर लांबीच्या टाकीत दोन टोकांच्या पातळीत साडेअकरा सेंटिमीटरचा फरक पडतो. डिपचं झाकण एका टोकाला असेल आणि पहिला डिप कोरड्या टाकीचा असेल तर दहा बॅरलची चूक सहज होते. तळाचा सगळा पत्रा बुडेल इतकं पाणी आधी घेऊन तिथून मोजायला सुरुवात केली की ती चूक दोन्ही डिपमध्ये सारखी येते आणि वजाबाकीत जाते. तळ गोल किंवा व्ही आकाराचा असेल तर इंचाला बॅरलचा एकच आकडा चालत नाही, त्या टाकीचा तक्ताच लागतो. फेस असेल तर तो बसेपर्यंत थांबा. वर तेलाचा थर असेल तर टेपला पाणी ओळखणारी पेस्ट लावून दोन्ही पातळ्या लिहा. तळात साठलेली वाळूही पाण्यासारखीच मोजली जाते, ती टाकी धुताना मोजून वजा करा. आणि टाकी भरता भरता दुसऱ्या बाजूनं ट्रकमध्ये उपसली जात असेल तर डिप संपला, उरल्या ट्रकच्या चिठ्ठ्या. चालक ट्रक पूर्ण भरला नसला तरी चिठ्ठीवर पूर्ण क्षमताच लिहितात. एक टाकी भरते, दुसरी निवांत बसते, तिसरी उपसली जाते, असं चक्र पाळलं तरच टाकीचं माप खरं.

अमेरिकेत उघड्या टाकीत सरळ फ्लोबॅक सोडण्याचे दिवस तसेही सरले. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २०१२ मध्ये काढलेल्या नियमांनुसार फ्रॅक केलेल्या बहुतेक गॅस विहिरींना २०१५ पासून गॅस पकडणारं ‘ग्रीन कम्प्लिशन’ सक्तीचं झालं, म्हणजे जमेल तितक्या लवकर प्रवाह सेपरेटरमधून घ्यायचा. त्यामुळे मापाचा भार मीटरवर आला, आणि इथूनच निवड महत्त्वाची होते.

टर्बाईन मीटर पॅकेजमध्ये आपोआप येतं, कारण ते स्वस्त आहे आणि क्रूच्या हाताला सवयीचं आहे. दोन इंची टर्बाईनची नेहमीची पट्टी तासाला साधारण ९ ते ९१ घनमीटर. पहिल्या दोन दिवसांत विहीर त्या पट्टीत असते. आठवड्यानं पाणी तासाला ५ घनमीटरवर आलं की तेच मीटर कमी दाखवू लागतं, मग थांबतं. तेव्हा एक इंची मीटर बसवायला हवं, आणि ते यार्डातून यायला दोन दिवस लागतात. दोन्ही मीटर पहिल्या दिवसापासून समांतर लाइनमध्ये मागवा, भाड्यात फार फरक पडत नाही. टर्बाईनचे बाकी शत्रू ठरलेले: बारीक वाळूनं बेअरिंग जातं, पाणी घट्ट करायला घातलेली, न तुटलेली गवार-जेल पात्यांना चिकटते, आणि सेपरेटरची पाण्याची पातळी पडून गॅसचा झोत आला की पातं भिंगरीसारखं फिरून नसलेलं पाणी मोजतं. हा शेवटचा दोष सर्वांत महाग, कारण तो नेहमी जास्तीच्या बाजूनं चुकतो.

मीटर सेपरेटरच्या डम्प व्हॉल्व्हच्या, म्हणजे साठलेलं पाणी बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या, आधी बसवलेलं असावं. व्हॉल्व्हनंतर दाब पडतो, विरघळलेला गॅस सुटतो आणि मीटरला बुडबुडे मोजावे लागतात. भाड्याच्या स्किडवर हे नेहमी बरोबर असतंच असं नाही. सामान उतरवतानाच पाइपचा माग काढा. उघड-बंद धक्क्यानं चालणाऱ्या डम्प व्हॉल्व्हऐवजी पातळीनुसार थोडा थोडा उघडणारा व्हॉल्व्ह मागा.

मॅग्नेटिक मीटर, म्हणजे मॅगमीटर, फ्लोबॅकमध्ये जितकं वापरलं जायला हवं तितकं वापरलं जात नाही. आत हलणारा भाग नाही, वाळू अडत नाही, जेलची भीती नाही. पाणी विद्युतवाहक असलं की झालं. सेंटिमीटरला पाच मायक्रोसीमेन्स पुरतात, आणि फ्लोबॅकचं खारं पाणी त्याच्या हजारो पट वाहक असतं. पाणी आज गोडसर आणि उद्या समुद्रापेक्षा खारट झालं तरी मापात फरक पडत नाही. पाइप पूर्ण भरलेला मात्र हवा. मीटर उभ्या, वर जाणाऱ्या पाइपमध्ये बसवलं की ते साधतं. गॅस आला तर हेही फसतं, तेलाच्या लाइनवर याचा उपयोग नाही, आणि इलेक्ट्रोडवर तेलाचा थर बसला तर वाचन उड्या मारतं. सेपरेटरच्या पाण्याच्या लाइनवर आमची पहिली पसंती मॅगमीटरलाच.

कोरिऑलिस मीटर, फील्डवर ज्याला सगळे ‘मायक्रो मोशन’ म्हणतात मग ब्रँड कुठलाही असो, वजनाचा प्रवाह आणि घनता दोन्ही देतं. स्वच्छ द्रवावर त्याची अचूकता ०.१ टक्क्याच्या घरात असते. विक्रेता तोच आकडा दाखवतो. ‘स्वच्छ द्रव’ हे दोन शब्द मात्र हळू आवाजात येतात. द्रवात गॅसचे बुडबुडे असले की थरथरणाऱ्या नळ्यांना जास्त ऊर्जा लागते. मीटर ती ‘ड्राइव्ह गेन’ म्हणून टक्क्यांत दाखवतं. बुडबुडे वाढले की हा आकडा १०० वर जाऊन चिकटतो, आणि त्या वेळचं प्रवाहाचं वाचन विश्वासाचं नसतं. मीटर स्वतःच सांगतं की मी आता खोटं बोलतोय, फक्त ते ऐकायला हवं. बहुतेक क्रू दर तासाला प्रवाह लिहितात, ड्राइव्ह गेन लिहीत नाहीत. करारात एक ओळ घाला: प्रवाह, घनता, तापमान आणि ड्राइव्ह गेन या चारही गोष्टी दर मिनिटाला साठवून फाइल द्यायची. फाइल नसेल तर कोरिऑलिसचे जादा पैसे देण्यात अर्थ नाही.

घनतेचा एक फायदा फुकट मिळतो. गोड्या पाण्याची घनता १.०० असते आणि दीड लाख पीपीएम (दशलक्षात इतके भाग) मीठ असलेल्या पाण्याची १.१० च्या वर. पाण्याच्या लाइनवर कोरिऑलिस असेल तर खारटपणा कधी आणि कसा चढला याचा अखंड आलेख मिळतो, प्रयोगशाळेत एकही बाटली न पाठवता. पाण्यात तेल मिसळून आलं तर घनता खाली ओढली जाते, म्हणून रोज दोन-तीन बाटल्या हायड्रोमीटरनं पडताळाव्या लागतात. एवढं केलं तर स्वस्तात मोठी माहिती मिळते.

सेपरेटरशिवाय तिन्ही द्रव-वायू एकदम मोजणारं मल्टिफेज मीटरही भाड्यानं मिळतं. श्लुम्बर्जेचं (आता एसएलबी) ‘व्हीएक्स’ हे त्यातलं सर्वांत परिचित: व्हेंचुरी (मध्ये अरुंद होणारी नळी) आणि बेरियम-१३३ चा गॅमा स्रोत. कायम उत्पादनाच्या विहिरींवर त्याचं नाव चांगलं आहे. फ्लोबॅकमध्ये मात्र अडचण मुळातच आहे. पाणी आणि तेल वेगळं ओळखताना ते गॅमा किरण किती शोषले गेले हे पाहतं, आणि पाण्याचं शोषण त्यातल्या मिठावर अवलंबून असतं. पहिल्या दोन आठवड्यांत मीठ दिवसागणिक बदलतं. पहिल्या दिवशी भरलेला पाण्याचा संदर्भ दहाव्या दिवशी खोटा ठरतो. रोज नमुना घेऊन संदर्भ नव्यानं भरायची तयारी असेल तरच घ्या. शिवाय गॅसचं प्रमाण फार वाढलं की द्रवाच्या मापातली अनिश्चितता वाढते, आणि गॅस विहिरीच्या फ्लोबॅकमध्ये ते वाढणारच. भारतात त्या किरणोत्सारी स्रोतासाठी एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, परवानगी लागते. कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला, जवळच असलं तरी कागदांना वेळ धरून ठेवा.

गॅस मोजणीबद्दल एवढंच: डॅनियल फिटिंग असेल तर दाब न सोडता ऑरिफिस प्लेट (भोक असलेली चकती, जिच्यावरून गॅस मोजतात) बदलता येते. प्लेटची कड रोज पाहा, बाकी काम नेहमीचं.

वर आलेलं सगळं पाणी फ्रॅकचं नसतं

इतकं करून वर आलेल्या पाण्याचं अचूक माप मिळालं, तरी ते पाणी कुणाचं हा प्रश्न राहतोच. अमेरिकेत टेक्सास-न्यू मेक्सिकोच्या पर्मियन तेल क्षेत्रात खडकातूनच भरपूर पाणी येतं. तिथे काही महिन्यांत एकूण पाणी लोडच्याही पुढे जाऊ शकतं, आणि ‘रिकव्हरी १२० टक्के’ असा अहवाल आला तर त्याचा अर्थ एवढाच की मोजणाऱ्यानं दोन पाणी वेगळं केलं नाही. अमेरिकेच्याच ईशान्येकडच्या मार्सेलस शेल गॅस क्षेत्रात उलट. खडकात हलणारं पाणी नगण्य, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत परत येतं ते लोडच्या दहा टक्क्यांच्या आसपास. उरलेलं पाणी शेल खडक शोषून घेतो. तरीही त्या विहिरी उत्तम गॅस देतात. कमी रिकव्हरी म्हणजे फसलेलं फ्रॅक, हे समीकरण तिथेच मोडलं.

दोन पाणी वेगळं करण्याची स्वस्त युक्ती क्लोराइडची. फ्रॅकच्या पाण्यात लिटरला ५,००० मिलिग्रॅम, खडकातल्या पाण्यात १,००,००० आणि नमुन्यात ६०,००० असेल, तर नमुन्यातलं फ्रॅकचं पाणी ४२ टक्के. पर्मियनसारख्या ठिकाणी हा हिशेब अंदाज म्हणून चालतो. मार्सेलसमध्ये तो चकवतो, कारण खडकातलं मीठ फ्रॅकच्या पाण्यात झिरपून येतं. पाणी तेच असतं, फक्त खारट झालेलं. सूत्र त्याला खडकाचं पाणी म्हणतं.

या जागी ट्रेसर कामाचा ठरतो.

ट्रेसर: काय मिळतं, काय बिघडतं

पाण्यातल्या ट्रेसरसाठी मुख्यतः फ्लुओरीन जोडलेली बेंझोइक आम्लं वापरतात. निसर्गात ती आढळत नाहीत, चिकणमातीला चिकटत नाहीत, तेलात जात नाहीत आणि पीपीबीच्या (अब्जात एक भाग) पातळीवरही सापडतात. आम्ल पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून सोडियम क्षार करून त्याचं द्रावण आणतात. फ्लुओरीनची जागा बदलली की वेगळी ओळख मिळते, तरी ओळखी मोजक्याच असतात. ४० स्टेजच्या विहिरीत दोन-तीन स्टेजचा गट करून एक ट्रेसर द्यावा लागतो. कोटेशनमध्ये ‘प्रत्येक स्टेज’ लिहिलं असेल तर यादी मागवा.

आकडे मनात ठेवण्यासारखे आहेत. १,००० घनमीटरमध्ये १ पीपीएम ट्रेसर म्हणजे बरोबर १ किलो. वीसही स्टेज सारखं पाणी परत देत असतील तर वर येणाऱ्या मिश्रणात प्रत्येक ट्रेसर विसाव्या हिश्शावर, म्हणजे ५० पीपीबीवर दिसेल. एखादा २०० पीपीबी दिसला आणि त्या मुदतीत १५० घनमीटर पाणी आलं, तर त्या स्टेजचे ३० ग्रॅम परत आले, म्हणजे तिच्या पाण्याचे तीन टक्के. अशा सगळ्या मुदतींची बेरीज म्हणजे त्या स्टेजची रिकव्हरी. गुणाकारात १५० हा आकडा मीटरचा आहे, ट्रेसर कंपनीचा नाही. टर्बाईन गॅसच्या झोतानं फिरली असेल तर ट्रेसरचा निकालही तितकाच फुगतो.

बिघाडाच्या जागा पाहू. पहिली पंपाची. ट्रेसरचा छोटा मीटरिंग पंप ब्लेंडरच्या (पाणी आणि वाळू मिसळणारं यंत्र) कमी दाबाच्या बाजूला, वाळू पडण्याआधी जोडतात. फ्रॅकचा दर बदलला की ट्रेसरचा दर त्याच प्रमाणात बदलायला हवा. पंप एकाच गतीवर ठेवून चहाला जाणारा ऑपरेटर ही या सेवेची सर्वांत मोठी तांत्रिक अडचण आहे. त्यापेक्षाही वाईट म्हणजे हवा धरून पंप रिकामा फिरणं. पडद्यावर गती दिसते, नळीत द्रव नसतो. उपाय अगदी साधा: प्रत्येक स्टेजआधी आणि नंतर ट्रेसरच्या कॅनचं वजन करा. वजन घटलं नसेल तर ट्रेसर गेला नाही. दोन ट्रेसरसाठी एकच पंप असेल तर मध्ये तो धुतल्याची नोंदही हवी.

दुसरी जागा पार्श्वभूमीची, आणि इथे हिशेब एकदम अंगावर येतो. आजकाल आधीच्या विहिरींचं पाणी पुन्हा फ्रॅकसाठी वापरतात. त्या विहिरींत ट्रेसर वापरला असेल तर तो नव्या पाण्यात आधीपासूनच असतो. २०,००० घनमीटर पाण्यात नुसते ५ पीपीबी असले तरी ते १०० ग्रॅम झाले, म्हणजे एका स्टेजच्या किलोचा दहावा हिस्सा. फ्रॅक सुरू होण्याआधी तळ्यातल्या पाण्याचे नमुने, आणि काम चालू असताना दर काही स्टेजला ब्लेंडरआधीचा नमुना, यावर अडून बसा. निकाल येईपर्यंत ट्रेसर कोणते वापरायचे ते ठरवू नका.

तिसरी जागा नमुन्यांची. साडेपाच इंची, २३ पौंडी केसिंगमध्ये, म्हणजे विहिरीच्या पोलादी पाइपमध्ये, मीटरला ११ लिटर मावतात. ५,००० मीटरच्या विहिरीत ५५ घनमीटर पाणी आधीच भरलेलं असतं, त्यात बहुतांश बिनट्रेसरचं पाणी. तेवढं बाहेर आल्यावरच खरी गोष्ट सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत तीव्रता झपाट्यानं चढते-उतरते. तेव्हा चार-चार तासांनी नमुने हवेत, मग आठ, मग रोज एक. नेमक्या याच दोन दिवसांत क्रू वाळू आणि प्लगच्या तुकड्यांशी झगडत असतो आणि बाटल्या राहून जातात. नमुना सेपरेटरच्या पाण्याच्या लाइनवरून घ्या. ४२ इंच व्यासाच्या, दहा फुटी सेपरेटरमध्ये पाणी काही मिनिटंच थांबतं, त्यानं बिघडत नाही. टाकीतून घेतलेला नमुना म्हणजे दिवसभराची खिचडी, त्याचं विश्लेषण करणं पैसे वाया घालवणं आहे. बाटलीवर वेळेबरोबर त्या क्षणाचं मीटरचं एकूण वाचनही लिहा, नंतर बेरीज जुळवताना हात जोडावे लागत नाहीत.

चौथी जागा उष्णतेची. सगळी बेंझोइक आम्लं सारखी टिकाऊ नसतात. पाचही जागी फ्लुओरीन असलेलं तापमान चढलं की तुटायला लागतं. बाडमेरच्या रागेश्वरीसारख्या खोल, उष्ण गॅस क्षेत्रात त्या तापमानावर काही आठवडे ठेवून केलेल्या चाचणीचा कागद मागा. पुण्यातून पेट्रोलियम शिकून बाडमेरला किंवा ओमानच्या खझानला गेलेल्यांना हा कागद मागताना विक्रेत्याचा चेहरा कसा होतो ते माहीत असेल.

प्रयोगशाळेत मीठच पुन्हा आडवं येतं. खाऱ्या नमुन्यात मास स्पेक्ट्रोमीटरचा संकेत दबतो आणि तीव्रता कमी दिसते. म्हणून विसात एक बाटली निनावी दुप्पट पाठवा, आणि एका बाटलीत माहीत असलेलं प्रमाण मिसळून पाठवा. तिचा निकाल दहा टक्क्यांच्या आत येत नसेल तर बाकीच्या निकालांना टक्केवारीचे दशांश लावू नका.

एक गोंधळ इथेच मिटवू. इरिडियम-१९२, स्कँडियम-४६, अँटिमनी-१२४ हे किरणोत्सारी ट्रेसर वाळूला लावतात, आणि नंतर गॅमा लॉगनं वाळू विहिरीजवळ कुठे बसली ते पाहतात. पाणी किती परत आलं याच्याशी त्यांचा संबंध नाही. तरी ‘ट्रेसर’ या एका शब्दाखाली दोन्ही एकाच कोटेशनमध्ये येतात.

अहवालाबद्दल आमची नाराजी सर्वांत जास्त. स्टेजनिहाय रंगीत स्तंभ, त्यात तिसरी स्टेज उंच आणि चौदावी ठेंगणी, आणि खाली निष्कर्ष: चौदावी स्टेज साफ झाली नाही. स्टेजनं पाणी परत दिलं म्हणजे ती गॅस देते असं नाही, आणि पाणी धरून ठेवलं म्हणजे मेली असंही नाही. मार्सेलसची गोष्ट वर आलीच आहे. आम्हाला या सेवेचा खरा उपयोग वेगळ्याच ठिकाणी दिसतो: शेजारच्या विहिरीत तुमचा ट्रेसर सापडला, तर दोन विहिरींच्या भेगा जोडल्या गेल्या याचा तो सरळ पुरावा आहे. दुसऱ्या कुठल्याही मापानं इतक्या स्वस्तात तो मिळत नाही. पण त्यासाठी शेजारच्या विहिरीचे नमुने फ्रॅकच्या आधीपासून घ्यावे लागतात. नंतर आठवलं तर वरातीमागून घोडं.

कुणी काय घ्यावं

मार्सेलससारख्या कोरड्या गॅस विहिरींना मॅगमीटर, तीन टाक्यांचं चक्र आणि नीट मांडलेला लोडचा हिशेब पुरतो. ट्रेसर पहिल्या एक-दोन विहिरींत शिकण्यापुरता घ्या. पर्मियनमध्ये, जिथे विहिरी दाटीवाटीनं आहेत आणि खडकाचं पाणी मिसळतं, तिथे ट्रेसर आम्ही घेऊच, तेलाच्या लाइनवर कोरिऑलिससह. रागेश्वरीला उष्णतेचा कागद आधी, बाकी नंतर. राणीगंज किंवा सोहागपूरच्या कोलबेड मिथेन (कोळशाच्या थरातला वायू) विहिरींना हे पॅकेज घेऊ नये. तिथे फ्रॅकनंतर पंप बसवून कोळशाच्या थराचं पाणी महिनोन्महिने उपसायचंच असतं. त्यात फ्रॅकचं पाणी किती हे कळून कुठलाच निर्णय बदलत नाही. पंपाचे स्ट्रोक किंवा फेरे आणि आठवड्यातून एकदा ड्रम-घड्याळ लावून घेतलेलं माप पुरेसं आहे.

करारात तीन गोष्टी लिहून घ्या: ट्रेसरच्या कॅनची स्टेजनिहाय वजनं, सगळ्या नमुन्यांच्या मूळ तीव्रता त्यांच्या मोजमापाच्या खालच्या मर्यादेसह, आणि मीटरची दर मिनिटाची फाइल. चौथी गोष्ट बहुतेकांना सुचत नाही. प्रत्येक नमुन्याची दुसरी बाटली तुमच्याकडे, अंधारात आणि थंडाव्यात, किमान सहा महिने राहिली पाहिजे. रिकाम्या बाटल्यांचा खर्च कोण देणार यावर वाद होतो. तो तुम्ही द्या.